शॅक नुसता धिप्पाड होता का? सेंटर म्हणून त्याचा नंबर कितवा?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. एक, अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या शॅकील ओनीलला, म्हणजे शॅकला, आजवरच्या सेंटरांमध्ये (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूंमध्ये) कितवा नंबर द्यावा. दोन, ‘शॅक फक्त धिप्पाड होता, खरं कौशल्य हकीम ऑलाजुवानकडे होतं’ हे तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर आहे का (हकीम हा शॅकच्याच काळातला ह्यूस्टनचा सेंटर). पहिल्याचं उत्तर देतोच. दुसरा भाग वाचल्यापासून मात्र डोक्यातून जात नाहीये, कारण हे वाक्य मी पंधराव्या वर्षापासून स्वतःबद्दल ऐकत आलोय.

माझी उंची 6 फूट 5 इंच. नागपुरात शाळेत असतानाच मी वर्गातल्या सगळ्यांच्या वर गेलो होतो, आणि पीटीच्या सरांनी एक दिवस हाताला धरून रिंगखाली नेऊन उभं केलं. तेव्हापासून मी सेंटर. जिंकलो की गार्ड (बाहेरून खेळ चालवणारा) छान खेळला, आणि माझं काय, तर ‘याला काय, देवानं उंची दिलीये’. जो वेगानं पळतो त्याला कुणी म्हणत नाही की तुझं कौशल्य काहीच नाही, पाय तेवढे चांगले आहेत. उंच माणसाला मात्र सर्रास म्हणतात. शॅकला तर अख्ख्या जगानं म्हटलं.

कधी पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळच्या सेंटरच्या जागेवर, उभे राहिला आहात का? रिंगकडे पाठ, कमरेत गुडघा, बरगडीत कोपर, आणि चेंडू हातात यायच्या आधीच डावीकडून दुसरा माणूस निघालेला. तो कुठून येतोय हे डोळ्यांनी दिसत नाही, पाठीला कळतं. मग एक पाय मागे टाकून वळायचं, तेही तीन सेकंदांच्या आत आणि पिव्हट, म्हणजे जमिनीवर टेकवलेला पाय, न हलवता. शॅक 7 फूट 1 इंच उंच आणि कागदोपत्री 147 किलोचा होता. एवढं वजन घेऊन तो मांजरासारखा वळायचा. 1999-2000 च्या मोसमाची कुठलीही मॅच काढा आणि चेंडूकडे बघू नका, फक्त त्याचे पाय बघा. नुसत्या आकारावर भागत असतं, तर सात फुटांचा प्रत्येक माणूस शॅक झाला असता.

त्या मोसमात सामन्यामागे 29.7 गुण आणि 13.6 रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू). एमव्हीपीच्या (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या) 121 मतांपैकी 120 पहिल्या पसंतीची मतं त्याला. फायनलमध्ये (ती अनेक मॅचची मालिका असते) इंडियाना पेसर्सविरुद्ध सरासरी 38 गुण आणि 16.7 रिबाउंड. पुढच्या वर्षीच्या फायनलमध्ये समोर डिकेम्बे मुटुम्बो होता, 7 फूट 2 इंचांचा, त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू. त्याच्यासमोर सरासरी 33. तुमच्या मित्राला विचारा, मुटुम्बो काय बुटका होता?

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जून 2000 मध्ये मी अठरा वर्षांचा होतो. शॅकचे लेकर्स आणि पेसर्स यांची फायनल आपल्याकडे सकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू व्हायची. मित्राच्या घरी केबल होती. त्याच्याकडे आम्ही पाचसहा जण कूलरपुढे फरशीवर बसायचो. दुसऱ्या मॅचमध्ये लेकर्सच्याच कोबी ब्रायंटचा घोटा पहिल्याच क्वार्टरमध्ये दुखावला आणि तो बाहेर गेला. मग इंडियानानं एकच धोरण धरलं. शॅकला फाउल करायचा आणि फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) रेषेवर उभा करायचा, कारण तिथे तो कच्चा, हे सगळ्यांना माहीत. त्या एका मॅचमध्ये त्यानं 39 फ्री थ्रो घेतले. आत गेले फक्त 18. दर वेळी चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आदळला की आमच्यातले दोघं टाळ्या पिटायचे. तरीही लेकर्सनी त्याच्याकडे चेंडू देणं थांबवलं नाही. शेवटी शॅकचे 40 गुण, 24 रिबाउंड, आणि मॅच लेकर्सची, 111-104.

टाळ्या पिटणाऱ्यांपैकी एक जण आमच्या कॉलेज टीमचा कॅप्टन होता. पॉइंट गार्ड, ऑलाजुवानचा भक्त.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 2001 मध्ये, वर्ध्याला आमची आंतरमहाविद्यालयीन फायनल झाली. सिमेंटचं कोर्ट, लाकडी बोर्ड, जाळी एकाच रिंगला. आपल्याकडे तेव्हा आंतरराष्ट्रीय नियमांचा पेंट (रिंगपुढचा आखलेला भाग, ज्यात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही) होता, खाली रुंद होत जाणारा. म्हणजे सेंटरला रिंगपासून आणखी लांब उभं राहावं लागायचं. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत माझे 19 गुण होते आणि आम्ही सहाने पुढे. चौथ्या क्वार्टरमध्ये समोरच्यांनी इंडियानाचाच मार्ग धरला. चेंडू माझ्याकडे आला की एक जण हाताला लटकायचा, दुसरा पाठीत घुसायचा. दहा फ्री थ्रो मिळाले, चार आत गेले. चुन्यानं आखलेली ती रेघ घामानं बुटाला चिकटत होती, आणि घासून गुळगुळीत झालेला तो कॉस्कोचा चेंडू हातात फिरवताना शिवण बोटांना सापडत नव्हती. हे मला आजही आठवतं.

पण तोपर्यंत समोरच्या दोन्ही उंच पोरांचे चार-चार फाउल झाले होते. पाचव्याला बाहेर. मी आत उभा राहून हात वर करून ओरडत होतो, आणि शेवटच्या तीन मिनिटांत कॅप्टननं चेंडू आत दिलाच नाही. लांबून स्वतः तीन शॉट मारले. तिन्ही बाहेर. 61-59 नं हरलो.

परतीच्या बसमध्ये तो सगळ्यांसमोर म्हणाला, “काय बे, उंटासारखा वाढला, पण दोन फ्री थ्रो नाही टाकता येत? तुझ्या शॅकसारखाच आहे तू.” बस हसली. मी उत्तर दिलं नाही, खिडकीकडे तोंड करून बसलो. त्या दिवशी जे बोललो नाही ते आता बोलतो.

हकीमची बाजू मला तोंडपाठ आहे. 1994 मध्ये एकाच मोसमात एमव्हीपी, सर्वोत्तम बचावपटू आणि फायनलचा एमव्हीपी. 3,830 ब्लॉक (अडवलेले शॉट), हा आजही विक्रम. आणि 1995 च्या फायनलमध्ये त्याच्या ह्यूस्टननं शॅकच्या ऑर्लँडोला 4-0 नं धुतलं. कॅप्टनचा हुकमी एक्का हाच असायचा, तुमच्या मित्राचाही असणार. पण त्या फायनलची पहिली मॅच कशी गेली ते विचारा. ऑर्लँडो आपल्या घरच्या कोर्टवर, शेवटचे काही सेकंद उरलेले, तीन गुणांची आघाडी, आणि त्यांच्या निक अँडरसननं लागोपाठ चार फ्री थ्रो घालवले. चार! एक जरी गेला असता तरी खेळ खलास होता. ह्यूस्टनच्या केनी स्मिथनं लांबून तीन गुणांचा शॉट मारून बरोबरी केली, मग ओव्हरटाइममध्ये ह्यूस्टन 120-118 नं जिंकलं. अँडरसन सेंटर नव्हता, गार्ड होता. तेवीस वर्षांच्या शॅकनं त्या मालिकेत सामन्यामागे 28 गुण, 12.5 रिबाउंड आणि 6.3 असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) दिले, आणि तरी लोकांच्या लक्षात राहिलं ते ‘हकीमनं शॅकला शिकवलं’ एवढंच. हकीम मोठाच खेळाडू, त्याच्या पायांपुढे मीही हात जोडतो. पण ते 4-0 म्हणजे एकट्या शॅकचं प्रगतिपुस्तक नव्हे.

आता नंबर. माझ्या यादीत पहिला करीम अब्दुल-जब्बार. सहा एमव्हीपी, सहा विजेतेपदं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरा बिल रसेल, तेरा मोसमांत अकरा विजेतेपदं. तिसरा शॅक. चौथा विल्ट चेंबरलेन, पाचवा हकीम. विल्टला शॅकच्या खाली का, असं विचाराल. 1961-62 मध्ये सामन्यामागे 50.4 गुण हा आकडा अचाट आहे, पण विजेतेपदं दोनच. शॅकची चार, त्यातली तीन सलग, आणि त्या तिन्ही फायनलचा एमव्हीपी तोच. सगळ्या जागांवरचे खेळाडू मिळून काढलेल्या यादीत मी शॅकला सातवा-आठवा धरतो. आताचा सेंटर योकिच, त्याला अजून यादीत घेत नाही, त्याचा खेळ अजून चालू आहे.

विल्टवरून आठवलं. फ्री थ्रोमध्ये तोही शॅकइतकाच कच्चा, कारकिर्दीत शंभरातले 51. शॅकचे 52.7. पण 2 मार्च 1962 ला हर्शीमध्ये त्यानं 100 गुण केले तेव्हा 32 पैकी 28 फ्री थ्रो गेले होते. त्या मोसमात तो खालून, दोन्ही हातांनी टाकायचा. नंतर दिसायला बरं दिसत नाही म्हणून सोडून दिलं. शॅकनं तर तो प्रकार कधी केलाच नाही. ही खरी चूक, आणि ती त्याची स्वतःची.

तशा आणखीही आहेत, प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एमव्हीपी एकच. बचावाच्या पहिल्या संघात एकदाही नाही. 2002 मध्ये पायाच्या अंगठ्याचं ऑपरेशन उन्हाळाभर लांबवून मोसमाच्या तोंडावर केलं, आणि लेकर्सची घडी तिथून विस्कटली. वजनाकडे दुर्लक्ष केलं. लागोपाठ तीन मोसम 82 पैकी 67 च मॅच खेळला. यातलं निम्मं जरी सांभाळलं असतं तर मी त्याला करीमच्या शेजारी बसवलं असतं. आणि रसेल, विल्ट यांना मी फक्त जुन्या चित्रफितींत पाहिलंय, त्यामुळे दुसऱ्या ते चौथ्या नंबरवर कुणी भांडलं तर मी ऐकून घेईन. ‘नुसता धिप्पाड’ मात्र ऐकून घेणार नाही.

मित्राशी पुन्हा वाद झाला तर हकीम-शॅक करत बसू नका. त्याला 2000 च्या फायनलची ती दुसरी मॅच लावून द्या आणि दोनच गोष्टी मोजायला सांगा. शॅकचा फ्री थ्रो चुकला की पुढच्या वेळी चेंडू कुणाकडे जातो, आणि इंडियानाच्या उंच माणसांच्या नावावर किती फाउल चढत जातात. सेंटरकडे चेंडू द्यायचा तो एवढ्यासाठी. तो चुकला तरी समोरचे झिजतात.

आमच्या कॅप्टनला हे समजायला हवं होतं, तो माझ्या शेजारी बसूनच ती मॅच बघत होता. मागच्या दिवाळीत सगळे जुने जमलो तेव्हा वर्ध्याचा विषय निघाला आणि तो पुन्हा माझ्या सहा चुकलेल्या फ्री थ्रोंवर आला. या वेळी मी त्याला विचारलं, शेवटच्या तीन मिनिटांत चेंडू आत किती वेळा दिलास? तो म्हणाला, आठवत नाही. मला आठवतं. एकदाही नाही.