'साधं' की 'सामान्य'?

प्रश्न असा आलाय की ऑर्डिनरी डिफरन्शियल इक्वेशन्सच्या (म्हणजे एखादी गोष्ट कशी नि किती वेगाने बदलते ते सांगणाऱ्या समीकरणांच्या) भौमितिक वर्गीकरणावर मराठीत लिहायचंय, तर ऑर्डिनरीला 'साधं' म्हणू की 'सामान्य'.

'साधं' नकोच. इथे ऑर्डिनरी हे अवघडच्या विरुद्ध नाहीये, पार्शलच्या म्हणजे 'आंशिक'च्या विरुद्ध आहे. स्वतंत्र चल एकच, समजा फक्त वेळ, तर ऑर्डिनरी, आणि वेळ नि जागा दोन्ही आले की आंशिक. बास. एकमेकांना ओढणाऱ्या तीन ग्रहांची समीकरणं ऑर्डिनरीच आहेत नि त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडलाय, त्यांना साधी म्हणणं म्हणजे चेष्टा.

'सामान्य अवकल समीकरण' रुळलेलं आहे, तेच ठेवा. फक्त जनरल सोल्यूशनलाही (ज्यात स्थिरांक मोकळे ठेवलेले असतात ती उकल) लोक 'सामान्य उकल' म्हणतात, मग एकाच वाक्यात दोन सामान्य नि दोघांचे अर्थ वेगळे. मी तिथे 'व्यापक उकल' लिहितो.

पण तुमच्या विषयात खरी मारामारी 'सारखी' या शब्दावर होणारे. नॉर्वेचा गणितज्ञ सोफुस ली याचा विचार असा की चल बदलून एका समीकरणाचं दुसरं करता आलं तर ती एकाच गटातली. स्प्रिंगला लटकवलेलं वजन घ्या, क्ष म्हणजे वेळ, य म्हणजे वजनाची जागा, क नि ख स्थिरांक, तर उकल येते य बरोबर क कॉस क्ष अधिक ख साइन क्ष. आता य ला कॉस क्ष ने भागा, आणि टॅन क्ष हाच नवा क्ष धरा, तर उरतं क अधिक ख गुणिले नवा क्ष, म्हणजे चक्क सरळ रेषा! (कॉस शून्य होत नाही तोवर.) हेलकावे आणि सरळ रेषा 'समान' कसे म्हणणार, म्हणून 'समतुल्य'. दुसऱ्या ऑर्डरची (ज्यांत अवकलज म्हणजे बदलाचा दर दुसऱ्यांदा घेतलेला असतो) सगळी रेषीय समीकरणं (य नि त्याचे अवकलज फक्त पहिल्या घातात असलेली) याच सरळ रेषेवाल्यांत बसतात, आणि रेषीय न दिसणारी पण आतून तशीच असलेली कशी ओळखायची ते लीने १८८३ मध्ये दाखवलं, त्यातली पहिली खूण म्हणजे दुसरा अवकलज एकटा एका बाजूला ठेवला की दुसरीकडे पहिल्या अवकलजाचा घात तिनाच्या वर जात नाही. तेवढ्याने भागत नाही म्हणा, सहगुणकांवर अजून अटी आहेत.

वर मी 'गट' लिहून गेलो खरा, पण ग्रुप नावाच्या गणिती रचनेलाही आपण गटच म्हणतो आणि लीचं सगळं काम तर ग्रुपवरच, तेव्हा लेखात तो टाळा. 'वर्ग' लिहावं तर वर्गसमीकरण आठवतं. 'प्रकार' चालेल. 'वर्गीकरण' मात्र खुशाल लिहा, त्याचा अर्थ स्क्वेअर करणे असा कुणी घेत नाही.