रंगीत तालीम : गोव्याआधीचा शनिवार-रविवार

मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ स्पर्धेची तयारी करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली. पोहणे १.९ किमी, सायकल ९० किमी, धावणे २१.१ किमी, ७०.३ हा आकडा या सगळ्याची मैलांतली बेरीज. स्पर्धेआधी चार-पाच जणांनी मिळून दोन दिवस समुद्रकाठी सरावाला जायचे आहे, तर काय करावे, असा बहुतेकांचा सूर आहे. निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहोत.

दोन दिवसांत एकूण किती अंतर करावे? आमच्यातले काहीजण म्हणतात, एकदा पूर्ण अंतर करून बघूया. (सातारा)

पूर्ण अंतर करू नका. सलग ११३ किमी केल्यावर शरीर सावरायला दोन आठवडे सहज जातात आणि स्पर्धा तोंडावर असताना तेवढे वाया घालवणे परवडत नाही. शिवाय दोन दिवसांत दमसास वाढत नाही, तो आधीच्या पाच-सहा महिन्यांत वाढलेला असतो किंवा नसतो. या शनिवार-रविवारी फक्त बिघाड शोधायचे. कुठे घासते, काय पचत नाही, कोणता स्क्रू ढिला आहे, गॉगलमध्ये पाणी कुठून येते, एवढेच बघायचे. म्हणून स्पर्धेच्या तीन ते चार आठवडे आधी जा. सापडलेली खोट दुरुस्त करायला वेळ हवा, आणि नवे बूट किंवा नवे सीट घ्यावे लागले तर ते अंगवळणी पडायलाही.

शुक्रवारी संध्याकाळी सायकल जोडून पंधरा मिनिटे फिरवून आणा. शनिवारी पहाटे १२०० ते १५०० मीटर समुद्रात पोहणे, लगेच ३० किमी सायकल, त्यातले मधले २० किमी स्पर्धेच्या वेगाने, आणि उतरल्याबरोबर ३ किमी धावणे. दुपारी झोप काढा. संध्याकाळी मैदानात पोहण्यावरून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर येतानाची नुसती अदलाबदल, म्हणजे ट्रान्झिशन, पाच वेळा करा. रविवारी पोहणे नको. ७० ते ८० किमी सायकल, सगळे खाणे-पिणे स्पर्धेत असेल तेच आणि तेवढेच, आणि त्यानंतर ५ ते ६ किमी धावणे. रविवारची सायकल दम लागेल इतकी चालवायची नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. गटात गेले की नेमके इथेच बिघडते, कारण पुढच्याला गाठायची खुमखुमी येते.

मालवणला जावे की थेट मिरामारला? आणि तारीख कशी ठरवावी? (कोल्हापूर)

जागेपेक्षा तिथी महत्त्वाची. कोकणातला जुना हिशेब आहे : तिथीला तीनाने गुणायचे, चाराने भागायचे, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे अष्टमी ते एकादशीच्या सकाळी भरती पोहण्याच्या वेळेलाच पूर्ण होते, आणि या दिवसांत भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असल्यामुळे पाण्याची ओढही कमी असते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते आणि सकाळी आठ-नऊच्या सुमारास पाणी जोरात चढत असते. तेव्हा कॅलेंडरात अष्टमी ते एकादशीला लागून येणारा शनिवार शोधा. नेमकी वेळ मात्र त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या, तिथीचा हिशेब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो.

मिरामार मांडवीच्या मुखाशी आहे. ओहोटी लागली की नदीचे पाणीही समुद्राकडे निघते आणि ओढ वाढते. पूर्ण भरतीच्या अर्धा तास आधी पाण्यात उतरा आणि ओहोटीने जोर धरायच्या आत बाहेर या. किनाऱ्याला समांतर पोहा, खोल समुद्राकडे नको. लाल बावटा असेल तर त्या दिवशी पोहणे नाही, मग तिथी कोणतीही असो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा भरतात, त्यामुळे तिथे अशा पोहण्याचे कुणाला नवल नाही आणि सोबतीला होडी मिळणे सोपे जाते. पहिल्यांदाच समुद्रात उतरणाऱ्यांसाठी आम्ही चिवला सुचवू.

नारळी पौर्णिमा झाली म्हणजे समुद्र शांत झाला, असे धरून सप्टेंबरात जाऊ नका. नारळ वाहणे वेगळे आणि पोहणे वेगळे.

तलावात २ किमी न थांबता पोहतो. समुद्रात मात्र दोनशे मीटरवर छाती भरून येते, घाबरायला होते. (पुणे)

आधी ‘न थांबता’ हा शब्द तपासू. २५ मीटरच्या तलावात १९०० मीटर म्हणजे ७६ फेऱ्या. दर वळणावर भिंतीला पाय मारून तुम्ही चार-पाच मीटर फुकट सरकता आणि श्वासही सावरता. समुद्रात भिंत नाही. म्हणून जायच्या आधीचे चार आठवडे आठवड्यातून एकदा भिंतीला न शिवता, दोन मीटर अलीकडेच वळून पोहा. एवढ्यानेच वेग शंभर मीटरला पाच-दहा सेकंदांनी पडेल. तोच तुमचा खरा वेग. पोहण्यासाठी १ तास १० मिनिटे मिळतात, म्हणजे शंभर मीटरला ३ मिनिटे ४१ सेकंद. नागमोडी पोहण्यात दहा टक्के अंतर वाढते असे धरले तरी तलावात भिंतीला न शिवता ३ मिनिटे १५ सेकंदांनी पोहणारा वेळेत बाहेर येतो.

आता घाबरण्याचे. बहुतेकांच्या बाबतीत कारण एकच असते : तोंड पाण्यात असताना श्वास धरून ठेवणे. बाहेर सोडला नाही तर आत घ्यायला जागाच उरत नाही, आणि हवा कमी पडते आहे असे वाटून माणूस आणखी वेगाने हात मारतो. पाण्यात सतत, आवाज करत बुडबुडे सोडा. उतरल्यावर आधी कमरेएवढ्या पाण्यात दोन मिनिटे चेहरा बुडवून नुसते हे करा, मग पन्नास मीटर अगदी संथ. भीती दाटली तर उताणे व्हा, पाय हलवत राहा, दहा लांब उच्छ्वास सोडा. स्पर्धेत असे थांबायला परवानगी असते. मदतीला असलेली कयाक (छोटी वल्ह्याची होडी) धरून विश्रांतीही घेता येते, फक्त तिने पुढे सरकायचे नाही.

दिशा बघताना डोके पूर्ण उचलले की कंबर बुडते. पाण्यावर फक्त डोळे यावेत एवढेच उचला, लगेच बाजूला वळून श्वास घ्या. दर आठ-दहा हातांनी एकदा. लाटेच्या खळग्यात असताना बघून काही दिसत नाही, उंचवट्यावर बघा. बोया छोटा दिसतो, म्हणून त्याच्या मागची इमारत किंवा उंच झाड खूण म्हणून धरा.

प्रत्येकाच्या कमरेला केशरी फ्लोट हवा, बरोबर एक होडी हवी, आणि किनाऱ्यावर माणसे मोजणारा एकजण हवा. मानेला, काखेत व्हॅसलीन लावा, खाऱ्या पाण्याने पहिली मान सोलवटते. मात्र आधी गॉगल घाला आणि मग व्हॅसलीनला हात लावा. जेलीफिशचा चटका बसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, वाळूने चोळू नका, गोडे पाणी ओतू नका. नंतर सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे भाग बुडवून ठेवा. चेहऱ्यावर सूज किंवा श्वासाला त्रास असेल तर थेट दवाखाना. आणि पोहताना खोकला येऊन फेसाळ किंवा लालसर थुंकी पडली तर ती भीती नव्हे. लगेच बाहेर या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

माझ्याकडे हायब्रिड सायकल आहे. चालेल का? (नगर)

चालेल. सुरुवातीपासून ५ तास ३० मिनिटांत सायकल संपवायची असते आणि ८ तास ३० मिनिटांत सगळे. पोहायला ५५ मिनिटे आणि बदलायला १० धरली तर सायकलला ४ तास २५ मिनिटे उरतात, म्हणजे ताशी साधारण साडेवीस किमी. रविवारी ८० किमीला तेवढी सरासरी आली आणि नंतर धावता आले, तर नवी सायकल घ्यायची घाई नको. जाड टायर काढून २८ मिमीचे गुळगुळीत टायर टाका, तेवढा खर्च वसूल होतो.

दोन तासांनंतर पोटात मुरडा येतो. पुडीतले घट्ट गोड जेल घेतो, क्षारांचे पेय (इलेक्ट्रोलाइट) घेतो, सगळे ब्रँड बदलून पाहिले. (नाशिक)

ब्रँडचा दोष नसावा. जेल आणि गोड पेय एकाच वेळी पोटात गेले की मिश्रण फार घट्ट होते, ते पातळ करायला आतडे शरीरातले पाणी ओढून घेते, आणि मुरडा येतो. जेल घेतले तर वर साधे पाणी. गोड पेय पीत असाल तर जेल नको.

तासाला ६० ग्रॅम कर्बोदके हे उद्दिष्ट ठेवा. घरगुती हिशेब असा : ७५० मिलीच्या बाटलीत चार सपाट मोठे चमचे साखर, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, पाव छोटा चमचा मीठ, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास, आणि अर्धे लिंबू. मिठातून जवळपास ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळते. तासाला एवढी एक बाटली आणि अर्धे केळे, की झाले ६० ग्रॅम. एकदम ढोसू नका, दर दहा-बारा मिनिटांनी दोन-तीन घोट. आज तासाला ३० ग्रॅम घेत असाल तर एकदम ६०वर जाऊ नका, दर आठवड्याला दहा ग्रॅम वाढवा. पचनालाही सराव लागतो.

आदल्या रात्री वरण-भात, बटाटा. उसळ, कोशिंबीर, पालेभाजी या दोन दिवसांपुरती विसरा. गोव्यात गेल्यावर हे जड जाते, पण शनिवारी रात्रीचे तळलेले मासे रविवारी चाळिसाव्या किलोमीटरला वर येतात. सकाळी निघण्याआधी दोन-अडीच तास शेंगदाणे न घातलेले पोहे किंवा उपमा आणि एक केळे.

पाण्याचा अंदाज वजनकाट्यावर घ्या. तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. ८०० ग्रॅम घटले आणि मध्ये अर्धा लिटर प्यालात, तर घाम १.३ लिटर. तो सगळा भरून काढायची गरज नाही. उलट वजन वाढले असेल तर तुम्ही जास्त पिता आहात, आणि त्याने रक्तातले सोडियम उतरते. डोके दुखणे, मळमळ, बोटे सुजून अंगठी घट्ट होणे ही त्याची चिन्हे, आणि लोक नेमके त्यावर आणखी पाणी पितात.

सायकलवरून उतरल्यावर पाय दगडासारखे होतात. (ठाणे)

सगळ्यांचेच होतात. शेवटची पाच मिनिटे हलका गिअर, मिनिटाला पॅडलचे ९० फेरे. उतरल्यावर पहिला किलोमीटर छोटी पावले टाकत, ठरवलेल्या वेगापेक्षा वीस-तीस सेकंद हळू. दीड-दोन किमीत पाय मोकळे होतात. नाही झाले, तर सायकल जास्त जोरात चालवलीत.

मासिक पाळी नेमकी त्याच शनिवार-रविवारी आहे. (बेळगाव)

जमत असेल तर जाच. स्पर्धेची तारीखही पाळी बघून येत नाही. पाण्यात पॅड फुगतो, कप किंवा टॅम्पन वापरा, पण पहिला प्रयोग तिथे नको, आदल्या महिन्यात करून ठेवा. सायकलसाठी ट्रायसूटची (तिन्ही प्रकारांत अंगावर राहणाऱ्या पोशाखाची) पातळ गादी पुरते. रक्तस्राव फार असेल तर रविवारचे अंतर निम्मे करा.

सायकल गाडीच्या डिकीतून नेली की गिअर बिघडतात. शिवाय पंक्चरची भीती वाटते. (सांगली)

मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती हँगर पट्टी मुद्दाम मऊ धातूची असते. फ्रेम वाचावी म्हणून ती वाकते. सायकल नेहमी डाव्या अंगावर, म्हणजे चेन वर येईल अशी ठेवा. सीट उतरवण्याआधी तिच्या दांड्यावर चिकटपट्टीची खूण करा, नाहीतर उंची अर्धा सेंटिमीटर चुकते आणि रविवारी गुडघा बोलू लागतो. पोहोचल्यावर स्टँडवर धरून सर्वांत मोठ्या चक्रीवर चेन हलक्या हाताने चढवून बघा. डिरेलर आऱ्यांकडे झुकत असेल तर तो गिअर वापरूच नका. आऱ्यांत अडकला की चाकही जाते. जादा हँगर जवळ ठेवा, प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो आणि किनाऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

पंक्चर काढायला शिकण्याची जागा हॉटेलची खोली, डांबरी रस्ता नव्हे. शुक्रवारी रात्री मागचे चाक दोनदा काढा-घाला. चेन सर्वांत लहान चक्रीवर आणून मग चाक काढायचे. जुनी ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून फडके फिरवा. बाभळीचा काटा आतच राहिला तर नवी ट्यूब दोन मिनिटांत जाते, आणि हीच चूक सर्वांत जास्त होते. शेजारी-शेजारी दोन भोके असतील तर काटा नव्हता, हवा कमी होती. नव्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून गोल आकार आणा, व्हॉल्व्हपाशी सुरुवात करून त्याच्या समोरच्या बाजूला टायर चढवत न्या, शेवटचा भाग अंगठ्यांनी. ट्यूब कडेखाली चिमटली नाही ना, हे दोन्ही बाजूंनी बघूनच हवा भरा. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) नळकांडीने हवा भरलीत तर संध्याकाळी ती सोडून पंपाने भरा, तो वायू रबरातून लवकर झिरपतो. २५ मिमी टायर आणि ७० किलो वजन असेल तर पुढे ८०, मागे ८५ पीएसआयपासून सुरुवात करा.

ट्रान्झिशनमध्ये वेळ जातो, आणि दंडाची धास्ती असते. (मुंबई)

टॉवेलवर वस्तू वापरण्याच्या क्रमाने मांडा. हेल्मेट हँडलवर उलटे, पट्टे बाहेर काढून, त्यात चष्मा. हेल्मेटचा बक्कल लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि परत येऊन सायकल रॅकवर टांगल्याशिवाय बक्कल काढायचा नाही. चढण्या-उतरण्याची रेघ ओलांडेपर्यंत सायकल हातात धरून पळायचे. पुढच्या सायकलीपासून १२ मीटर अंतर, आणि त्या पट्ट्यात शिरलात तर २५ सेकंदांत पुढे जायचे. रविवारच्या गटात एकमेकांच्या मागे चिकटून चालवण्याची हौस इथेच मोडून काढा, कारण तिने सरासरीचा आकडाही खोटा येतो. पायांवरची वाळू धुवायला एक जुनी बाटलीभर पाणी रॅकपाशी ठेवा. मोज्यात पावडर टाकून ते आधीच अर्धे गुंडाळून ठेवले की ओल्या पायावरही चढतात.