एफआरबीचं कोडं सुटलं तर मुलीच्या पीएचडीचं काय?

स. न. वि. वि.

देवगडहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी रत्नागिरीत एस. वाय. बी. एस्सी.ला, विषय फिजिक्स. ‘फास्ट रेडिओ बर्स्ट’ (एफआरबी), म्हणजे अवकाशातून येणाऱ्या क्षणभराच्या रेडिओ चमका, येतात कुठून, यावर तिला संशोधन करायचंय. तुमच्या मते बी. एड. बरं. आणि तुमची शंका अशी, की ती पीएचडीला पोचेपर्यंत कोडंच सुटलं तर?

दादा, शंका रास्त आहे. थोडं सुटलंच आहे. २८ एप्रिल २०२० रोजी आपल्याच आकाशगंगेतल्या एका मॅग्नेटारकडून, म्हणजे अतितीव्र चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याकडून (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला घट्ट गाभा), तशीच चमक पकडली गेली. पण त्यानं काम वाढलं. काही स्रोत पुन्हा पुन्हा चमकतात, बहुतेक एकदाच दिसलेत. मॅग्नेटार तरुण ताऱ्यांच्या वस्तीत अपेक्षित. एक स्रोत मात्र एम८१ दीर्घिकेच्या म्हाताऱ्या तारकागुच्छात निघाला! तिथे तो आला कसा, याचा वाद अजून चालू आहे.

मिलिसेकंदांचा हा सिग्नल वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमधून येताना पसरतो. वरच्या फ्रिक्वेन्सी आधी पोचतात, खालच्या मागाहून, म्हणून आलेखावर वाकलेली रेघ उमटते. तिच्या वाकावरून अंतराचा अंदाज बांधतात. २००७ साली जाहीर झालेला पहिला बर्स्ट ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीच्या २००१ च्या नोंदींत सापडला, आणि त्या नोंदी चाळणारा डेव्हिड नार्केविक पदवीचाच विद्यार्थी होता. तेव्हा तिला आत्ताच पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू द्या. कॅनडातल्या ‘चाइम’ दुर्बिणीची पाचशेहून जास्त बर्स्टची यादी सर्वांना खुली आहे. आंब्याच्या दिवसांत बागेत माणूस कमी पडतं, कळतं मला. तरी रोज दोन तास तिचे तिला द्या.

पुढे जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम. एस्सी., मग पीएचडीसाठी जेस्ट ही परीक्षा, आणि पुण्याची एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था. त्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांना बघू देतात. तुम्हीही सोबत जा.

पैशाचं म्हणाल तर पीएचडीत जेआरएफ या शिष्यवृत्तीचे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. त्यापुढे कायमच्या जागा थोड्या, स्पर्धा फार. पण गोंगाटातून सिग्नल वेगळा काढणारा हात उद्योगांनाही हवा असतो. बी. एड. एम. एस्सी.नंतरही करता येतं. जॅमचा फॉर्म मात्र टी. वाय.ला असतानाच, सप्टेंबरच्या सुमारास निघतो. तेवढी तारीख चुकवू नका.