डायनॅमोतला पायथन नोड : चूक कोडमध्ये की वायरमध्ये?

प्रश्न : डायनॅमोत (रेव्हिट या इमारतींच्या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये नोड म्हणजे ठोकळे वायरने जोडून स्क्रिप्ट बनवायचं साधन) अनेक भिंती निवडल्या की स्क्रिप्ट चालते, एकच निवडली की पायथन नोड पिवळा होतो, म्हणजे इशारा देतो. कोड तर तोच आहे!

उत्तर : कोड तोच आहे, आत येणारा डेटा बदलला. अनेक भिंती लिस्ट म्हणून येतात, एकच भिंत सुटी येते आणि सुट्या भिंतीवर फॉर लूप फिरत नाही. म्हणून आधी कोडला हात लावू नका. सगळ्या ओळी कॉमेंट करा, 'आऊट = इन' (आत आलं तेच बाहेर) एवढीच ठेवा आणि पुढे आलेला डेटा दाखवणारा वॉच नोड जोडा. पोर्ट (वायर जोडायची जागा) एकच असलं तरी इन ही लिस्टच असते, हे तिथे दिसेल. ती किती पातळ्या खोल आहे, मध्येच नल (रिकामी किंमत) आलाय का, हेही बघा.

मग आत आलेल्या घटकाचा टाइप तपासा. त्या टाइपची स्ट्रिंग (मजकूर) करून आऊटमध्ये पाठवा. 'रेव्हिट.एलिमेंट्स.वॉल' दिसलं, तर भिंत अजून डायनॅमोच्या वेष्टनात आहे. रेव्हिट एपीआयच्या (रेव्हिटला कोडमधून आज्ञा देण्याच्या सोयीच्या) मेथड वापरायच्या तर आधी अनरॅपएलिमेंट करावं लागतं, म्हणजे ते वेष्टन काढावं लागतं. 'वॉल'ला अमुक अॅट्रिब्यूट नाही, असा एरर आला की मी पहिल्यांदा हेच पाहतो.

प्रश्न : सगळा कोड ट्राय-एक्सेप्टमध्ये (एरर पकडणाऱ्या रचनेत) घातला. एरर गेला, पण आऊटपुट रिकामं येतं.

उत्तर : एरर गेला नाही, झाकला गेला. एक्सेप्टखाली नुसतं पास (काहीच करू नको) लिहिणं ही सवय कृपया सोडा. ट्राय लूपच्या आत घ्या, म्हणजे एक घटक अडला तरी बाकीचे पुढे जातील. जो अडेल त्याचा आयडी आणि ट्रेसबॅक मॉड्यूलच्या फॉरमॅट_एक्ससी फंक्शनचा मजकूर वेगळ्या लिस्टमध्ये साठवा. आऊटमध्ये निकाल आणि ही लिस्ट दोन्ही द्या. कोणत्या घटकावर, कोणत्या ओळीत गाडी अडली ते वॉच नोडमध्येच वाचता येईल.

प्रश्न : बाहेरच्या मॉड्यूलची फाइल सुधारली, तरी नोड जुनंच उत्तर देतो.

उत्तर : एकदा इम्पोर्ट झालेलं मॉड्यूल पायथन मेमरीत धरून ठेवतो. काम चालू असेपर्यंत इम्पोर्टलिबचं रीलोड वापरा.

प्रश्न : डायनॅमोच्या जुन्या आयर्नपायथन इंजिनमधली (पायथन २) स्क्रिप्ट सीपायथन ३ (पायथन ३) वर आणली. एरर नाही, पण आकडे वेगळे येतात.

उत्तर : भागाकार बघा. पायथन २ मध्ये ७/२ म्हणजे ३, पायथन ३ मध्ये ३.५. पूर्णांकच हवा असेल तिथे दोन तिरक्या रेघा द्या. नोड पिवळा होत नसल्यामुळे ही चूक थेट मॉडेलमध्ये उतरते, त्यामुळे अशा स्क्रिप्टमधला प्रत्येक भागाकार हाताने तपासा.