आधी फोटो टेबलावर मांड

तुझे पणजीतल्या फोंतायन्याश या जुन्या वस्तीचे फोटो पाहिले. रंग छान पकडलेस, पण चाळीसातले तीस फोटो नुसत्या दारं-खिडक्यांचेच आहेत रे. नवा कॅमेरा घ्यायच्या आधी छायाचित्रकार दयानिता सिंग यांचं काम नीट बघ. जन्म १९६१चा, दिल्लीतला; शिक्षण अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत. तबलावादक झाकिर हुसेन यांच्याबरोबर फिरत काढलेल्या फोटोंचं पहिलं पुस्तक १९८६मध्ये आलं. पुढे मासिकांची कामं सोडून त्या रिकाम्या खोल्यांकडे, दप्तरखान्यातल्या रुमालांत बांधलेल्या कागदांकडे वळल्या. बरंचसं काम कृष्णधवल, चौकोनी फ्रेममधलं. पण मला त्यांची खरी ताकद दिसते ती मांडणीत. घडी घालता येणाऱ्या मोठ्या लाकडी चौकटींतले फोटो त्या बदलत राहतात, आणि शेजार बदलला की तोच फोटो वेगळं बोलू लागतो! छायाचित्रणातला २०२२चा मानाचा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा मला फार आनंद झाला होता.

तू एवढं कर. म्हापशात पोस्टकार्डाएवढे प्रिंट काढून घे, जेवणाच्या टेबलावर पसर. आजीच्या बाल्कांवातली, म्हणजे दारापुढच्या ओसरीतली, ती रिकामी आरामखुर्ची आहे ना, तिच्याशेजारी बाजारातल्या फुलवालीचे हात ठेव. मग हात उचलून तिथे शिंपल्यांची खिडकी ठेव. खुर्चीचं काय होतं ते मला कळव.