डबा तसाच परत येतो तेव्हा

नॉर्वेतल्या स्टाव्हांगरहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा दुसरीत. सकाळी सहाला उठून त्या कधी पोळी-भाजी, कधी वरण-भात, कधी पोहे करून देतात आणि डबा जसाच्या तसा घरी येतो. 'त्याला आपल्या जेवणाची लाज वाटत असेल का?'

ताई, लाजेचं नंतर बघू. आधी त्याच्या वर्गातलं घड्याळ बघा. नॉर्वेतल्या बहुतेक शाळांत गरम जेवण नसतं आणि डबा गरम करायची सोयही सहसा नसते. अकराच्या सुमारास आपापल्या बाकावर बसून भराभर खायचं. सगळा जीव बाहेर खेळायला कधी सोडतात यात. गारढोण वरण-भात तुम्ही तरी खाल का? पोह्यांचं तर बोलायलाच नको.

बाकीच्या पोरांच्या 'मातपाक्के'त, म्हणजे डब्यात, काय असतं? पावाचे दोन-तीन काप, वर चीज नाहीतर लिव्हरचा लगदा, आणि काप एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये बेताचा कापलेला कागद. ऑफिसातले साहेबसुद्धा हेच खातात. 1930च्या दशकात ओस्लोच्या शाळांत डॉ. कार्ल श्योट्स यांनी गरम जेवणाऐवजी मुद्दाम गार न्याहारी आणली: भरड पाव, दूध, फळ, कच्चं गाजर. तेच वळण पुढे घरच्या डब्यालाही लागलं.

म्हणून हाताने धरून, न सांडता खाता येईल असंच द्या. पोळीला तूप-साखर लावून घट्ट गुंडाळी करा. नॉर्वेजियन लोक लेफ्सेला, म्हणजे त्यांच्या पातळ मऊ पोळीला, लोणी-साखर लावून अगदी अशीच गुंडाळतात, त्यामुळे कोणी वळूनही बघणार नाही. बटाट्याची सुकी भाजी भरूनही चालेल. थालीपीठ मऊ ठेवा, चार तुकडे करा. पावावर जे काही लावतात-ठेवतात त्याला तिथे 'पोलेग' म्हणतात, मग आपली कोथिंबिरीची चटणीही पोलेगच की! पाव घेताना पाकिटावरचं चार भागांचं वर्तुळ बघा. जितके भाग भरलेले, तितका पाव भरड.

एक मात्र सांभाळा. शेंगदाण्याचं कूट, चटणी, चिक्की देण्याआधी शिक्षकांना विचारा. वर्गात कुणाला अ‍ॅलर्जी असली तर दाणे आणू देत नाहीत.

आणि वरण-भात? तो चार-पाच वाजता वाढा. नॉर्वेजियन घरांत गरम जेवणाची वेळ तीच. पोरगं शाळेतून भुकेलेलं येतं, तेव्हा बिस्किटं हातात देऊन साडेआठपर्यंत कशाला ताटकळत ठेवायचं?

एवढं करूनही डबा परत आला, तर मग लाजेबद्दल त्यालाच विचारा, पण जेवताना नको. शनिवारी दुकानात न्या, एक पोलेग त्याला निवडू दे. बहुधा तो ब्रूनुस्त उचलेल, ते तपकिरी चीज. चीज केल्यावर उरलेलं पाणी दूध-सायीबरोबर आटवून करतात, म्हणजे खव्याचं चुलत भावंडच. माझ्या आईने पहिल्यांदा चाखलं तेव्हा म्हणाली, 'पेढा बरा आहे, पण मीठ कुणी घातलं यात?'