व्ही-क्रॉसला सस्पेन्शन लिफ्ट करायचीय: २ इंच की ४ इंच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डबल कॅब पिकअप, इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, फोर बाय फोर. आजऱ्याजवळ काजूची बाग. पावसाळ्यात बागेच्या कच्च्या वाटेवर गाडी खालून घासते. म्हणून सस्पेन्शन लिफ्ट, म्हणजे चाकांच्या मानाने गाडीचा सांगाडा उंच करणं. गॅरेजवाला म्हणतो ४ इंच उचलू, मित्र म्हणतो २ पुरे.

तुमच्या मित्राचं ऐका. पुढून २ इंच, मागून एक ते दीड इंच, आणि तेही गाडीवरच्या वजनाला जुळणाऱ्या स्प्रिंग, शॉकअप आणि पाट्यांनी (पाटे म्हणजे मागच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). पॅकिंग, म्हणजे जुन्याच भागांवर जाड चकती, घालून नको. मी कोल्हापुरात सस्पेन्शनचंच काम करतो आणि ४ इंच उचलायला आलेल्या पिकअपवाल्यांना हेच सांगतो.

पण आकड्याआधी एक काम करा. गाडी धुऊन पिटवर घ्या, हातात दिवा घ्या आणि खालून नीट बघा की नक्की घासलंय कुठे. ओरखडे पुढच्या संरक्षक पत्र्यावर आहेत, मधल्या क्रॉस मेंबरवर (सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर) आहेत, मागच्या टो हुकवर (गाडी ओढायच्या हुकवर) आहेत की मागच्या डिफरन्शियलच्या हाऊसिंगवर, म्हणजे दोन मागच्या चाकांमधल्या गिअरच्या गोळ्यावर? सगळा निर्णय या एका गोष्टीवर फिरतो.

तुमच्या भागात ऊस आणि लाकूड वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी वाटेत खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. पाऊस झाला की चाकोरी आणखी खोल जाते, उंचवट्यातला जांभा उघडा पडतो. अशा वाटेवर पहिलं घासतं ते डिफरन्शियल. आणि लिफ्टने डिफरन्शियल एक मिलिमीटरसुद्धा वर जात नाही. मागचा एक्सल, म्हणजे दोन चाकं जोडणारा आडवा दांडा, अखंड आहे, तो थेट चाकांवर उभा असतो. लिफ्ट करता तेव्हा एक्सल आणि चेसिस (गाडीचा सांगाडा) यांच्यातलं अंतर वाढतं, एक्सल आणि जमीन यांच्यातलं नाही. ते वाढवायचा एकच मार्ग म्हणजे मोठा टायर, आणि त्याचाही फायदा व्यासातल्या वाढीच्या निम्माच. तुमच्या गाडीला कंपनीचा २५५/६० आर १८ टायर असेल तर त्याचा व्यास साधारण ७६३ मिलिमीटर. त्याच रिमवर २६५/६५ आर १८ घातला तर व्यास सुमारे ८०२, म्हणजे डिफरन्शियल १९ मिलिमीटर वर. ऐकायला कमी वाटतं, पण चाकोरीत एवढ्यानेच बराच फरक पडतो. २ इंच लिफ्टमध्ये हा टायर साधारण मावतो. तरी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आतल्या प्लास्टिकला घासतो का ते पाहा. स्पीडोमीटर ५ टक्के कमी दाखवू लागेल, हेही ध्यानात असू द्या.

ओरखडे पुढच्या पत्र्यावर, क्रॉस मेंबरवर किंवा टो हुकवर असतील तर मात्र लिफ्टचा खरा उपयोग आहे. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ३ मीटरहून लांब, त्यामुळे बांध ओलांडताना पोट टेकतं आणि ओढ्यातून वर चढताना शेपूट. दोन्ही ठिकाणी २ इंचांनी गाडी बऱ्यापैकी सुटते.

मग ४ इंच का नको? कारण पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात. पुढचं डिफरन्शियल चेसिसला घट्ट बसवलेलं असतं आणि तिथून दोन ड्राइव्ह शाफ्ट चाकांकडे जातात. चेसिस वर गेली की चाकं तिच्या मानाने खाली जातात आणि शाफ्टचा कोन तिरका होतो. दोन इंचांपर्यंत जॉइंट हे सहन करतो. त्यापुढे जॉइंटवरच्या रबरी आवरणाच्या, म्हणजे बूटाच्या, घड्या एकमेकींवर घासून फाटतात, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडतं, त्यात आपली तांबडी माती जाते आणि थोड्याच दिवसांत वळताना कटकट ऐकू येते. चाक धरणाऱ्या वरच्या आर्मचा बॉल जॉइंटही त्याच्या हालचालीच्या टोकाला जाऊन बसतो. ४ इंच नीट करायचे तर डिफरन्शियल आणि क्रॉस मेंबर खाली घेणारे ब्रॅकेट, नवे नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग), स्टिअरिंगची जुळवाजुळव, असा सगळा पसारा लागतो. तो न करता कोणी ‘४ इंच’ म्हणत असेल तर तो स्ट्रटवर (पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीवर) जाड पॅकिंग ठेवणार आहे. पॅकिंगचं गणितही समजून घ्या. स्ट्रट आर्मवर चाकापेक्षा आत बसलेला असतो, म्हणून त्याच्या डोक्यावर ठेवलेलं एक इंचाचं पॅकिंग चाकाशी जवळपास दोन इंच होऊन उतरतं. चाक हवेत लटकलं की तेवढंच जास्त खाली जातं आणि बॉल जॉइंट, ब्रेकचा होज, एबीएसची वायर सगळ्यांना ताण देतं.

शिवाय आंबोली घाट. सावंतवाडीकडे उतरताना माल, माणसं आणि इंजिन हे सगळं १० सेंटिमीटर वर बसलेलं आणि दोन चाकांमधली रुंदी तेवढीच, म्हणजे गाडी वळणावर जास्त कलंडणार. घरातली वयस्कर माणसं बसणार असतील तर तेही बघा, आणि हौद्याची (मागच्या माल भरायच्या भागाची) उंचीही. युरियाचं ४५ किलोचं पोतं दिवसभर चार इंच जास्त वर चढवायला गडीमाणसं कुरकुर करतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

आता वजनाकडे येतो. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. किटच्या खोक्यावर ‘२ इंच’ लिहिलेलं असतं ते ठरावीक वजनाला. मागचे पाटे वेगवेगळ्या ताकदीचे मिळतात: रिकाम्या गाडीसाठी, कायम दीड-दोनशे किलो असणाऱ्यांसाठी, ३०० किलो आणि वरच्यासाठी. तिसऱ्या प्रकारचे पाटे घेऊन गाडी आठवडाभर रिकामी फिरवली तर मागून २ च्या जागी ३ इंच उचललेली दिसेल आणि खड्ड्यात हौदा उड्या मारेल. उलट हलके पाटे घेऊन १० पोती खत भरलं तर मागची बाजू मूळ उंचीच्याही खाली बसेल. पुढेही तसंच. लोखंडी बंपर आणि विंच लावणार असाल तर नाकावर १०० किलोच्या आसपास वजन वाढतं, त्याला जाड स्प्रिंग लागते. बंपर नंतर कधीतरी लावू असा विचार असेल तर तो आत्ताच ठरवा, नाहीतर स्प्रिंग दोनदा घ्याव्या लागतील.

म्हणून माप घ्या. सपाट फरशीवर गाडी उभी करा, डिझेल फुल, आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज मापात येते. चारही चाकांचं माप लिहा. मग नेहमीचा माल भरून पुन्हा मोजा. रिकामी पिकअप मागून वर असते, तो कंपनीचा दोष नाही. माल भरल्यावर ती सरळ व्हावी म्हणून तशी ठेवलेली असते. म्हणूनच मागून पुढच्यापेक्षा कमी उचला असं मी सांगतो, पण रिकामी असताना अगदी समपातळीत आणू नका. तसं केलं तर माल भरल्यावर नाक वर जातं, स्टिअरिंग हलकं पडतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत.

मागून उंची वाढवायला पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये ठोकळा ठेवणं स्वस्त पडतं, पण जोर लावला की एक्सल पिळवटतो आणि पाटे इंग्रजी एससारखे वाकतात. लांब शॅकलही (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) मला पसंत नाही. शॅकल दोन इंच वाढवली तर उंची एकच इंच मिळते आणि एक्सलचा कोन मात्र बिघडतो. पाट्यांचा पूर्ण संच बदला. चांगला संच, स्प्रिंग, शॉकअप धरून खर्च लाखाच्या पुढे जातो. एवढ्यात बसत नसेल तर यंदा फक्त टायर घ्या आणि सस्पेन्शन पुढच्या हंगामाला करा. पॅकिंगवर भागवू नका. काम झाल्यावर साठ-सत्तरच्या वेगाला खालून घरघर आली तर प्रॉपेलर शाफ्टच्या (मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या लांब दांड्याच्या) सेंटर बेअरिंगचा कोन तपासायला सांगा.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. त्यामुळे पैसे देण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीला लेखी विचारा. टायरची रुंदी-उंची बदलणार असाल तर तेही त्यात लिहा.

काम करून घेताना तीन गोष्टींवर स्वतः उभे राहा. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे. चाकं लटकती असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, किती आला ते विचारा. बरेचदा फक्त ‘टो’ (चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) सरळ करून गाडी देतात, आणि कॅस्टर कमी झालेली गाडी वळणानंतर स्टिअरिंग परत सरळ आणत नाही. कॅस्टर मूळ मर्यादेत येतच नसेल तर वरचे आर्म बदलावे लागतील. तिसरं म्हणजे हेडलाइट खाली करून घेणं. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट ५०० ते १००० किलोमीटर झाल्यावर पुन्हा आवळून घ्या, नवे पाटे बसतात तसे ते सैल पडतात.

चारही चाकांची मापं, रिकामी आणि भरलेली, आणि ओरखडे कुठे सापडले ते इथेच कळवा. पुढे कोणती स्प्रिंग आणि मागे कोणते पाटे घ्यायचे ते त्यावरून सांगतो.